मसोलीची वाडी आणि मनिलाचं जहाज

चिकू देठापासून तुटला की तिथून पांढरा थेंब येतो. बोटाला लागला की वाळून बसतो, नुसत्या पाण्याने जात नाही, तेलाचा हात लावून चोळावं लागतं. मसोलीत किंवा डहाणू-घोलवडच्या कुठल्याही वाडीत तोडणीच्या दिवशी जाऊन बघा, निवड करायला बसलेल्या बायांची बोटं दुपारपर्यंत काळपट झालेली असतात. या थेंबाला आपण चीक म्हणतो. चीक येतो म्हणून चिकू, असंच मी लहानपणापासून धरून चाललो होतो, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांची समजूतही तीच आहे.

खरी गोष्ट वेगळी आहे. चिकूचं मूळ घर मेक्सिकोचा दक्षिण भाग, ग्वाटेमाला आणि बेलीझ. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत या झाडाच्या चिकाला 'त्सिक्तली' म्हणत. स्पॅनिश लोकांच्या तोंडी त्याचं 'चिक्ले' झालं, फळाला ते 'चिकोसापोते' म्हणू लागले, आणि हे फळ प्रशांत महासागर ओलांडून फिलिपाईन्सला पोहोचलं तेव्हा नुसतं 'चिको' उरलं. आपल्याकडे त्याचा चिकू झाला. चीक हा शब्द आपला, चिकू हा शब्द साता समुद्रापलीकडचा, आणि दोघांची गाठ पडली ती वारली बाईच्या बोटावरच्या एका थेंबात.

आमच्याकडच्या बऱ्याच वाड्यांत चिकूच्या सोबतीने लिचीची झाडं आहेत. लिची चीनची, ग्वांगडोंग आणि फुजियान या दक्षिणेकडच्या प्रांतांतली. आठव्या शतकात थांग सम्राट श्वानझोंग आपल्या लाडक्या यांग ग्वेफेईसाठी घोडेस्वारांची डाक लावून ती राजधानीत आणवत असे, हे चीनमध्ये शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. १०५९ मध्ये त्साय श्यांग नावाच्या अधिकाऱ्याने फक्त लिचीवर एक ग्रंथ लिहिला. म्हणजे आमच्या एका कुंपणाच्या आत एक झाड अमेरिकेचं, एक चीनचं, आणि दोघांना पाणी देणारा माणूस एकच.

या दोन झाडांचा स्वभाव जुळत नाही. चिकू कच्चा तोडतात. फळ तयार झालं की त्याच्या सालीवरचा तपकिरी कोंडा आपसूक झडतो. नखाने हलकं ओरखडलं तर आतली रेघ हिरवी न दिसता पिवळट दिसते. तोडणारा हे झाडाखालून नुसत्या नजरेने ओळखतो आणि टोकाला जाळी बांधलेल्या लांब काठीने नेमकं तेवढंच फळ उतरवतो. दगडासारखा कडक चिकू खोक्यात बसून दिल्लीपर्यंत जातो आणि वाटेत किंवा बाजारात पिकतो. लिची तसं करत नाही. ती झाडावरच पिकावी लागते, तोडल्यावर गोड होत नाही, आणि साध्या हवेत दोन-तीन दिवसांत तिची लाल साल मळकी तपकिरी पडते. मे महिन्यात वटवाघळांपासून वाचवायला अख्ख्या झाडावर मच्छरदाणीसारखी जाळी टाकतात. चिकूला सवड चालते, लिचीला घाई लागते. काम करणाऱ्याला दोन्ही घड्याळं सांभाळावी लागतात.

अमेरिका आणि चीन यांच्या मधे राहून काम करणं म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे कॅलिफोर्नियातला संगणक अभियंता येतो, नाहीतर शेन्झेनच्या कारखान्याला माल सांगणारा व्यापारी. पुण्या-ठाण्याच्या कितीतरी घरांतली मुलं आज अशा कचेऱ्यांत आहेत. पण हे मधलं जगणं साडेचारशे वर्षांचं जुनं आहे, त्याची पहिली पेठ मनिला होती, आणि आमचा चिकू त्याच पेठेतून पुढे आशियात पसरला. म्हणून ती गोष्ट सांगतो.

स्पॅनिश लोकांना मेक्सिकोतून आशियात जाता येत होतं, पण परतीचा वारा सापडत नव्हता. १५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या साधू-दर्यावर्दीने उत्तरेला जपानच्या बाजूने जाणारा प्रवाह धरून परत अकापुल्को गाठलं. तिथून २५० वर्षं, १८१५ पर्यंत, मनिला आणि अकापुल्को यांच्यात जहाजं ये-जा करत राहिली. मनिलाला जाताना साधारण तीन महिने आणि तिथून येताना चार ते सहा. येतानाच्या प्रवासात माणसं मोठ्या संख्येने मरत.

एवढा जीव कशासाठी धोक्यात घालायचा? चांदीसाठी. चीनमध्ये मिंग राजवट कर चांदीत घेऊ लागली होती आणि देशात चांदी पुरेशी नव्हती. युरोपात एक तोळा सोन्याला बारा तोळे चांदी मोजावी लागे, तेव्हा चीनमध्ये सहा-सात तोळ्यांत काम होई. दुसरीकडे मेक्सिको आणि पोतोसीच्या खाणींतून चांदी अक्षरशः उपसली जात होती. १५६७ मध्ये चीनने फुजियानच्या व्यापाऱ्यांवरची समुद्रबंदी सैल केली, १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला वसवली, आणि अमेरिकेची चांदी चीनच्या रेशमासमोर येऊन उभी राहिली. मेक्सिकोत पाडलेलं नाणं पुढे कित्येक पिढ्या चीनच्या बाजारांत चाललं.

हा व्यवहार करायला दोन्हीकडचं कळणारी माणसं लागतात. मनिलाच्या तटाबाहेर 'परियान' नावाची चिनी वस्ती उभी राहिली. तिथल्या चिन्यांना स्पॅनिश लोक 'सांगले' म्हणत. फुजियानच्या बोलीत व्यापाराला जो शब्द आहे त्यावरून ते नाव पडलं, म्हणजे धंद्याचंच नाव माणसाला चिकटलं. गावातले स्पॅनिश मूठभर, सांगले हजारोंनी. पाव भाजणारे, जोडे शिवणारे, रंगारी, सुतार, सगळे तेच. मनिलाचे बिशप दोमिंगो दे सालाझार यांनी १५९० मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग सांगितला आहे. मेक्सिकोहून एक पुस्तकबांधणी करणारा कारागीर मनिलाला आला. एक सांगले त्याच्याकडे नोकरीला राहिला, गुपचूप बघून काम शिकला, आणि थोड्याच दिवसांत इतकं चांगलं करू लागला की मालकाला धंदा सोडावा लागला. सगळं गिऱ्हाईक त्या चिन्याकडे गेलं. हस्तिदंतात मेरी आणि बाळ येशू कोरणारेही हेच हात. त्या मूर्तींपैकी कित्येकींच्या पापण्यांना चिनी वळण आहे. मूर्ती मागवणारा मेक्सिकोत बसलेला, घडवणाऱ्याने आयुष्यात मेक्सिको पाहिलेला नाही. आपल्याकडे जुन्या पारशी घरांत जपून ठेवलेली गाऱ्याची साडी बघितली की मला हे आठवतं. तीही चिनी सुईने दुसऱ्याच कुणाच्या लग्नासाठी भरलेली असते.

पण हे कौतुक तिथेच संपत नाही. १६०३ मध्ये चीन मनिलावर चालून येणार अशा अफवेने स्पॅनिश घाबरले, परियानमध्ये दंगा उसळला, आणि वीस हजारांच्या आसपास चिनी मारले गेले. नंतर गावात पाव मिळेना, जोडे मिळेनात. थोड्याच वर्षांत परियान पुन्हा भरलं, कारण दोन्ही बाजूंना एकमेकांशिवाय चालत नव्हतं.

माझं म्हणणं इथे स्पष्ट सांगतो. दोन संस्कृतींचा मेळ दरबारात होत नाही, तो कामाच्या जागी होतो, आणि त्यासाठी शिकण्याचं ओझं जवळजवळ नेहमी दुबळ्या बाजूच्या डोक्यावर असतं. मनिलातल्या स्पॅनिशांपैकी चिनी बोली शिकले ते बोटांवर मोजण्याइतके पाद्री. सांगलेला मात्र स्पॅनिश यावीच लागे, निदान भाव करण्यापुरती आणि जीव वाचवण्यापुरती.

जहाजाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. अकापुल्कोला उतरणारे खलाशी बहुतेक फिलिपिनो. तिथे त्यांना, आणि आशियातून आलेल्या कुणालाही, सरसकट 'चिनो' म्हणत. गुलाम म्हणून विकायला आणलेले मलायी, बंगाली, मलबारी, सगळे चिनो. त्यांत एक मुलगी होती मिर्रा. मुघल हिंदुस्तानात जन्मलेली, पोर्तुगीज चाच्यांनी किनाऱ्यावरून पळवलेली, मनिलात विकलेली. १६२० च्या सुमारास ती मेक्सिकोच्या पुएब्ला शहरात पोहोचली. तिचा बाप्तिस्मा होऊन कातारिना दे सान हुआन हे नाव झालं होतं. धार्मिक वृत्तीची बाई म्हणून तिला अख्खं शहर मानू लागलं. १६८८ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या अंत्ययात्रेला गर्दी लोटली. पुढे लोक तिला 'चिना पोब्लाना' म्हणू लागले, म्हणजे पुएब्लाची चिनी बाई. मेक्सिकोच्या बायकांच्या सणासुदीच्या पोशाखालाही हेच नाव आहे. हिंदुस्तानातून पळवलेली मुलगी, चीनचं नाव, अमेरिकेत अख्खं आयुष्य. स्पेनच्या राजदरबाराने चिनो गुलामांना मुक्त केलं १६७२ मध्ये, ती म्हातारी झाल्यावर.

त्या खलाशांपैकी पुष्कळ जण जहाजावर परत गेलेच नाहीत. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर कोलिमा भागात नारळाच्या बागा होत्या. तिथे राहून ते माडावर चढायचे, पोय छेदून खाली मडकं बांधायचे आणि रस गोळा करायचे. फिलिपाईन्समध्ये त्याला 'तुबा' म्हणतात, कोलिमातही तेच नाव रुजलं. १६१९ मध्ये सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानाने राजाकडे तक्रार केली की या लोकांच्या माडीमुळे स्पेनहून येणारी दारू कुणी घेत नाही, यांना परत पाठवा. कुणी गेलं नाही. कोलिमात तुबा आजही विकली जाते. आमच्या डहाणू-तलासरीच्या माणसाला त्या रस्त्यावर उभं केलं तर खोडावरच्या खाचा, वर बांधलेलं मडकं आणि सकाळच्या ताज्या रसाची चव यांतलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

याच वाटेने उलटं चीनकडेही बरंच आलं. रताळं अमेरिकेचं. १५९३ मध्ये चेन झेनलोंग या व्यापाऱ्याने लुझोन बेटावरून त्याचे वेल फुजियानला आणले. ते बाहेर न्यायला बंदी होती, म्हणून दोरखंडात पिळून लपवले असं सांगतात. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला आणि तिथल्या प्रांताधिकाऱ्याने रताळ्याची लागवड करायला लावली. डोंगरउतारावर, भात होत नाही अशा जमिनीत, लाखो माणसं त्यावर जगली. आपली एकादशी घ्या. रताळी, बटाटे, शेंगदाणे, साबुदाण्याचा कंद, हिरवी मिरची, हे सगळं अमेरिकेहून आलेलं. वाणगाव पट्ट्यातला मिरचीचा शेतकरी आणि फुजियानचा रताळेवाला हे एका अर्थी एकाच खंडाचे देणेकरी आहेत.

चिकू डहाणू भागात रुजला तो बराच उशिरा. १८९८ च्या सुमारास घोलवडला त्याची लागवड झाली, आणि ती वाढवण्यात इराणी कुटुंबांचा वाटा मोठा. हे झरतुष्ट्री लोक एकोणिसाव्या शतकात यझ्द आणि किरमाणच्या बाजूने आले. तिथे त्यांच्यावर जिझिया होता, तो १८८२ मध्ये उठला, तोही मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांनी वर्षानुवर्षं खेटे घातल्यावर. इथे आलेल्या इराण्यांना घरात स्वतःची दरी बोली, पारशांबरोबर गुजराती, कचेरीत मराठी, मजुरांशी वारलीतले जमतील तेवढे शब्द, असं सगळं करावं लागलं. त्यांच्या कित्येक शतकं आधी पारशांनी आपला पवित्र अग्नी याच भागातल्या बहारोटच्या डोंगरात लपवून ठेवला होता. आश्रयाला आलेल्यांना ही जमीन नवी नाही. आज आमचं फळ 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने भौगोलिक मानांकन मिळवून बसलं आहे, आणि कालीपत्ती ही जात इथली म्हणूनच ओळखली जाते. मेक्सिकोचं झाड इराणी हातांनी लावलेलं आणि वारली हातांनी वाढवलेलं, तरी नाव डहाणूचं. मला त्यात काही खोटं वाटत नाही.

वारली हातांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे.

त्यासाठी आधी चिकूच्या चिकाचाच एक धागा धरतो. १८६० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोचा पदच्युत सेनापती सांता आना न्यूयॉर्कजवळ स्टेटन बेटावर राहत होता. त्याच्याकडून हा चीक थॉमस ॲडम्सच्या हाती लागला. ॲडम्सने त्याचं रबर करून बघितलं, जमलं नाही. मग त्याने त्याच्या गोळ्या करून चघळायला विकल्या आणि चिकाची च्युइंगम जन्माला आली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं युकातान आणि पेतेनच्या जंगलात 'चिक्लेरो' लोक पावसाळाभर चिकूच्या झाडांवर दोरीने चढून कोयत्याने तिरक्या रेघा पाडत होते. त्यांत माया लोक पुष्कळ. त्यांच्याच पूर्वजांनी तिकालच्या देवळांच्या दारांवर या झाडाच्या तुळया बसवल्या होत्या, आणि हजारांहून जास्त वर्षांनीही त्यांतल्या काही शाबूत आहेत. हंगामाच्या सुरुवातीला कंत्राटदार उचल द्यायचा, जंगलात मीठ-मका चढ्या भावाने खात्यावर लिहायचा, हंगाम संपला तरी कर्ज उरायचं. या पद्धतीला स्पॅनिशमध्ये 'एंगान्चे' म्हणत, म्हणजे गळाला अडकवणं.

आपल्याकडे त्याच गळाचं नाव वेगळं होतं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की वारली जोडपं त्याच्याकडे राबायला बांधलं जाई. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. पैसे कधी फिटायचे नाहीत. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेच्या कामासाठी या भागात आले, झरीला सभा झाली, आणि वेठबिगारी संपवण्याची लढाई उभी राहिली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं आहे, आणि डहाणूत राहणाऱ्याने ते एकदा तरी वाचावं असं मी आग्रहाने सांगत असतो. ज्यांच्याविरुद्ध हा लढा होता ते जमीनदार कुणा एका धर्माचे वा जातीचे नव्हते. गुजराती होते, पारशी-इराणी होते, मराठीही होते.

त्या लढाईने वेठ संपवली. भाषेचं ओझं मात्र आहे तिथेच आहे. परवा एका वाडीत निवड चालली होती तिथे तासभर बसलो. साधारण चाळिशीची एक बाई मोठा, मधला, बारीक असे चिकू वेगळे करत होती. शेजारी बसलेल्या मुलीशी वारलीत बोलत होती. शेठनी हाक मारली तर गुजरातीत उत्तर दिलं. टेम्पोवाला उत्तरेकडचा, त्याच्याशी हिंदी. माझ्याशी मराठी, शाळेत ऐकलेली, जपून बोललेली. एका तासात चार भाषा, आणि बोटं एकदाही थांबली नाहीत. मी विचारलं, "बाय, इतक्या भाषा कुठं शिकलीस?" ती हसली. "शिकलं कोन? कामाला जातो ना." तिच्याशी वारलीत बोलणारं त्या मुलीखेरीज त्या मंडपात कुणी नव्हतं. मी पन्नास वर्षं इथे राहतो, मलाही येत नाही. याची मला लाज वाटते.

१९६० मध्ये राज्यांची सीमा आखली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातला गेला, राहिलेल्या गावांतून तलासरी झाला. एकाच पाड्यातली सोयरीक दोन राज्यांत विभागली. तलासरीचा तरुण आज सकाळी उंबरगाव किंवा वापीच्या कारखान्यात जातो, मराठी शाळेत शिकलेला असतो आणि दिवसभर गुजराती फलक वाचतो. काही जण आणखी दूर, ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट पलीकडे गेली की पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा धरते, आणि डहाणू-तलासरीच्या पाड्यातला माणूस कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतो. अकापुल्कोला उतरलेल्या फिलिपिनो खलाशाला कुणी विचारलं नव्हतं की तू नक्की कुठला, तिथे सगळेच चिनो. कराचीत हाही नुसता हिंदुस्तानी.

आमच्या शेजारच्या वाडीत तोडणीला येणारा एक जण दोन हंगाम ओख्याच्या बोटीवर होता. परत आल्यावर त्याने ठरवलं की आता समुद्र नको. गेल्या महिन्यात त्याच्या काठीच्या टोकाची जाळी फाटली. शेठ म्हणाले, नवी आणून देतो. तो म्हणाला, नको, आणि खिशातून नायलॉनचा दोरा काढून झाडाखाली बसला. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून त्याने फाटलेली घरं एकेक करून भरली, प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघितली. ही गाठ त्याला बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खारव्याने शिकवली होती. मग तो उठला, काठी उंच केली, आणि वरच्या फांदीवरचा एक कडक, कोंडा झडलेला चिकू त्या जाळीत अलगद उतरला.